आमची वाटचाल : लातुरात समुद्री माशांचं खाद्य

2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा आमच्या दुकानात खाऱ्या पाण्याची एकच टाकी होती. त्यात दोन क्लाउन, तीन डॅमसेल, हे छोटे समुद्री मासे. घरात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं माशांचं पाणी कुठून बदलायचं? बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं लागायचं, आणि आरओ गाळतो त्यापेक्षा जास्त सोडून देतो. टाकी बिघडते ती बहुतेक वेळा उरलेल्या खाद्यानं, हे त्या उन्हाळ्यात नीट कळलं. दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं, ही सवय तेव्हाची.

त्याआधी स्वस्ताच्या नादात मी गोड्या पाण्यातल्या माशांचेच दाणे टाकायचो. मासे आवडीनं खायचे. पण काही महिन्यांत क्लाउनचा रंग उतरला, पोट आत गेलं, त्यातला एक गेला. फार वाईट वाटलं. ईपीए, डीएचए ही ओमेगा-3 आम्लं समुद्री माशांना खाद्यातूनच मिळावी लागतात, ती त्यांना स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत. माझ्या दाण्यांत ती पुरेशी नव्हती.

मग बाहेरचं फ्रोझन खाद्य मागवलं. उन्हाळ्यात पार्सल हातात येईपर्यंत पाणी झालेलं. पैसे गेले ते गेलेच. शेवटी बायको म्हणाली, "अहो, आपण झिंगे आणतोच की, त्यातलंच का नाही करत?" आमच्याकडं कोळंबीला झिंगेच म्हणतात. आमचा धंदा या वाक्यावर उभा आहे.

अर्धा किलो समुद्री कोळंबी, पाव किलो माकूळ (स्क्विड), पाव किलो बांगडा. बारीक करायचं, पण लगदा नाही. दाणा राहिला पाहिजे. त्यात बिनमिठाची, बिनतेलाची नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, चुरून आणि चमचाभर स्पिरुलिना, ही हिरव्या शेवाळाची पूड. चायना ग्रास उकळून, कोमट झाल्यावर मिसळायचं. पिशवीत बोटाच्या निम्म्या जाडीइतकं पसरून फ्रीजरमध्ये. लागेल तेवढा तुकडा मोडायचा, चहाच्या गाळणीत धुवायचा, मग टाकीत. ते धुणं चुकवायचं नाही, कारण सुटलेला रस टाकीत कुजून पाणी बिघडवणारं नायट्रेट वाढवतो.

कोळंबी घेताना एक बघा. पाकिटातल्या सोललेल्या कोळंबीला कधीकधी फॉस्फेट लावलेलं असतं. पाकिटावर घटक वाचा. आम्ही सालासकट घेतो, स्वतः सोलतो. वेळ जातो, पण टाकीत शेवाळ माजत नाही.

माशांच्या लहान पिल्लांसाठी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, आम्ही त्यांच्या वाळक्या अंड्यांपासून कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढतो. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, खालून हवा, 26 ते 28 अंश. साधारण 24 तासांत अंडी फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर, जिवंत केशरी ठिपके खाली. ते लगेच द्यायचे. पोटातला बलक संपला की त्यांच्यात सत्त्व उरत नाही. एप्रिल-मेत आमच्या खोलीचा पारा चढतो, मग बाटली माठाशेजारी ठेवतो.

परवा उदगीरहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, मासे खाईना गेलेत." विचारलं तर दिवसातून पाच वेळा घालत होते. दोन दिवस काहीच घालू नका म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी व्हिडिओ पाठवला, मासे तुकड्यामागं धावत होते. आमचं एक पाकीट त्या महिन्यात कमी खपलं. चालतंय.

आता फ्रीजरला इन्व्हर्टर आहे, रविवारी दोघं मिळून पाकिटं भरतो. 2016च्या क्लाउनच्या जोडीतली मादी अजून आहे. सकाळी फ्रीजरचं दार वाजलं की ती काचेशी येऊन थांबते.