तळटीप

फॉरेस्ट प्लॉट नावाच्या आलेखावरचा एक चौकोन मला सकाळपासून खुपत होता. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आहार मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या समितीची बैठक होती. साखरेऐवजी आर्टिफिशियल स्वीटनर वापरले तर वजन घटतं का, या प्रश्नावरचा आमचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे झालेल्या अभ्यासांचा पद्धतशीर एकत्रित आढावा, तिथे मांडायचा होता.

या आलेखात प्रत्येक अभ्यासाची एक आडवी रेघ असते आणि मधे चौकोन. रेघ आखूड असेल तर उत्तर नेमकं, चौकोन मोठा असेल तर एकत्रित निष्कर्षावर त्या अभ्यासाचा भार जास्त. बाकीच्या रेघा लांबलचक होत्या. हा एकच चौकोन ठसठशीत, आणि रेघ जेमतेम दिसेल एवढी. अभ्यास मात्र छोटा, दोन्ही गटांत 64-64 माणसं. त्याहून कितीतरी मोठे अभ्यास शेजारी असताना याचं उत्तर इतकं नेमकं कसं?

मूळ पेपर काढला. तक्त्यात वजनातला सरासरी बदल, पुढे अधिक-उणे चिन्ह आणि 0.4. आमच्या फॉर्ममध्ये हा 0.4 प्रमाण विचलन म्हणून भरलेला होता. तक्ता पुढच्या पानावर संपत होता आणि तळटीप तिथे होती, अगदी बारीक अक्षरांत: आकडे प्रमाण त्रुटीचे आहेत.

माणसामाणसांत किती फरक पडला हे प्रमाण विचलन सांगतं. सरासरी किती अचूक आहे हे प्रमाण त्रुटी सांगते. विचलनाला माणसांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागलं की त्रुटी मिळते. 64 चं वर्गमूळ 8, म्हणजे खरं विचलन 3.2 किलो. आम्ही ते आठपट कमी धरलं होतं. भार विचलनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ठरतो, त्यामुळे अगदी साध्या मॉडेलमध्ये या अभ्यासाला 64 पट भार मिळाला असता. अभ्यासाअभ्यासांतला फरकही हिशेबात धरणाऱ्या आमच्या रँडम इफेक्ट्स मॉडेलमध्ये त्याहून कमी, पण चित्र फिरवायला पुरेसा.

प्रत्येक पेपरमधले आकडे दोघांनी, एकमेकांना न दाखवता काढायचे आणि मग जुळवायचे, हा आमच्या कामाचा कणा. मी सहकाऱ्याला फोन केला. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मीही तेच भरलं होतं गं. म्हणून तर जुळलं." मला हादरा बसला तो इथे. जुळत नाही तिथे आम्ही तासन्‌तास वाद घालतो. जुळलेल्या आकड्याकडे पुन्हा कुणी पाहत नाही.

दुरुस्ती करून गणित पुन्हा चालवलं. एकत्रित निष्कर्षाची पट्टी पसरली आणि शून्याच्या रेषेला जाऊन टेकली, म्हणजे वजन घटतंच असं ठामपणे म्हणता येईना. ग्रेड पद्धतीत पुराव्याचे चार दर्जे असतात: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. आमचा पुरावा मध्यमवरून कमीवर आला. रात्री दोघींनी उरलेल्या सगळ्या पेपरांच्या तळटिपा वाचून काढल्या. तीच चूक आणखी एका ठिकाणी निघाली, सुदैवाने निष्कर्षाला धक्का न लावणारी.

बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "पुरावा थोडा कमी असला म्हणून काय बिघडलं? साधा सल्लाच तर आहे." माझ्याआधी दुसऱ्या सदस्या बोलल्या. त्यांनी गाजरासारख्या भाज्यांत असणाऱ्या बीटा-कॅरोटीनची आठवण करून दिली. ज्यांच्या आहारात आणि रक्तात ते जास्त, त्यांना कर्करोग कमी, असं निरीक्षणात्मक अभ्यास सांगत होते. मग फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. 1994 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. खोलीत शांतता पसरली.

स्वीटनरबाबत तर पुराव्यातच ओढाताण आहे. कमी मुदतीच्या चाचण्यांत वजन थोडं घटलेलं दिसतं, दीर्घ मुदतीच्या निरीक्षणांत उलट दिसतं. त्यातही वजन वाढू लागलेली माणसंच स्वीटनरकडे वळतात, ही अडचण आहेच. म्हणून तर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरू नयेत अशी जी शिफारस केली, ती सशर्त ठेवली, ठाम नाही. आमच्या मसुद्यातलं "वजन कमी करण्यासाठी स्वीटनर वापरावेत" हे वाक्य त्या दुपारी काढून टाकलं गेलं.

चूक अहवालात नोंदवायची का, यावर मात्र वेळ गेला. मसुदा बाहेर गेलेला नाही, दुरुस्ती झाली आहे, मग नोंद कशाला, असं काहींचं म्हणणं होतं. मी हट्ट धरला. जुना आकडा, नवा आकडा आणि कारण, तिन्ही परिशिष्टात आले.

आता आमच्या फॉर्ममध्ये अधिक-उणे चिन्हापुढच्या आकड्याशेजारी एक वेगळा रकाना आहे. तळटिपीतले शब्द त्यात जसेच्या तसे उतरवायचे, दोघींनीही. तो रिकामा असला तर फॉर्म पुढे जात नाही.