टाँटनची रुखरुख

चुटपुट, हळहळ आणि रुखरुख हे तीन शब्द मी साताऱ्यात असताना सरसकट एकाच अर्थानं वापरायचे. इंग्लंडात टाँटनला नोकरीसाठी आले, सॉमरसेट काउंटी क्रिकेट क्लबचं सभासदत्व घेतलं आणि मगच त्यांच्यातला फरक कळला. चुटपुट दोन दिवसांत जाते. हळहळ दुसऱ्याकरताही वाटू शकते. रुखरुख मात्र पाहुणी म्हणून येते आणि स्वतःच पाट मांडून बसते.

सॉमरसेट 1891 पासून काउंटी चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंडातल्या काउंट्यांची मुख्य स्पर्धा, खेळतंय आणि आजवर एकदाही जिंकलेलं नाही. दुसरं मात्र येतं, अगदी मन लावून येतं: 2001, 2010, 2012, 2016, 2018, 2019. मैदानात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसतात. त्यांना ही सालं घरच्या लग्नांच्या तारखांसारखी पाठ आहेत. मला नावानंच हाक मार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण सत्तरी उलटलेल्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ काही वळेना, म्हणून मी त्यांना हाकच मारत नाही. डबा पुढे केला की ते वळतात. बाकरवडी त्यांना चालते. दडपे पोहे एकदाच चालले.

माझं सॉमरसेटशी नातं मात्र बाबांकडून आलेलं आहे. 1980 साली वेस्ट इंडिजचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. एरवी सॉमरसेटकडून खेळणारा व्हिव रिचर्ड्स साहजिकच त्यांच्याबरोबर होता आणि सॉमरसेटला त्या मोसमापुरता दुसरा परदेशी फलंदाज हवा होता. आले ते सुनील गावस्कर. तेव्हा शाळेत असलेले बाबा पेपरच्या कोपऱ्यातले बारीक टाइपातले काउंटीचे धावफलक शोधून वाचायचे. ‘गावस्कर एक उन्हाळा जिथं राहून आले ते गाव परकं कसं?’ असं म्हणून त्यांनीच माझ्या आईची समजूत घातली, नाहीतर ती मला इतक्या लांब पाठवायला तयार नव्हती. पुढे 1999 च्या वर्ल्ड कपमध्ये श्रीलंकेविरुद्ध गांगुलीनं 183 आणि द्रविडनं 145 केल्या, तेही याच मैदानावर. गांगुलीचा एक षटकार मागच्या टोन नदीत गेला. ते कळल्यावर तर बाबांच्या लेखी टाँटन जवळजवळ सातारा जिल्ह्यातच आलं.

तर 2024 चा मोसम. लोक त्याला निराशेचा म्हणतात आणि कागदावर तसं म्हणणं बरोबरच आहे. पण त्यातली एक संध्याकाळ मला नीट सांगायची आहे.

गुरुवार, 12 सप्टेंबर, चॅम्पियनशिपच्या सामन्याचा शेवटचा दिवस. समोर सरे, म्हणजे आधीची दोन्ही वर्षं चॅम्पियन झालेला, पैसेवाला, लंडनचा संघ. पहिल्या डावात शतक ठोकलेल्या टॉम बँटनचा घोटा नंतर एका सकाळी सरावात फुटबॉल खेळताना दुखावला होता (क्रिकेटपटूंना सकाळी फुटबॉल कोण खेळायला लावतं, हे मला अजून उमगलेलं नाही). दुसऱ्या डावात नऊ जण बाद झाल्यावर तो लंगडत आला आणि 46 धावा करून गेला. सरेला 221 करायच्या होत्या, पण शेवटी शेवटी त्यांनी जिंकायचा विचार सोडून दिला होता. दिवस संपेपर्यंत तग धरायची, एवढंच. मी ड्यूटी संपवून पोचले तेव्हा तीनच विकेट पडल्या होत्या. आजोबा थर्मास पिशवीत भरत होते. अनिर्णित, म्हणाले.

मग 95 वर 3 असलेली सरे 109 ला सगळी गारद झाली. चौदा धावांत सात विकेट. एका बाजूनं अठरा वर्षांचा आर्ची वॉन, दुसऱ्या बाजूनं जॅक लीच. 2019 च्या अ‍ॅशेस कसोटीत हेडिंग्लेला स्टोक्सबरोबर चष्मा पुसत पुसत एक धाव काढून नाबाद राहिलेला तोच हा लीच. टाँटनच्या वळणाऱ्या खेळपट्टीला इथले लोक ‘सायडराबाद’ म्हणतात. सफरचंदाची सायडर इथली, फिरकी हैदराबादची. त्या संध्याकाळी ते नाव शोभून दिसलं. शेवटी तर सगळेच्या सगळे क्षेत्ररक्षक फलंदाजाला घेरून उभे होते, जणू कुणी रस्त्यात चक्कर येऊन पडलंय. सीमारेषेकडे एकही माणूस नाही. खेळ संपायला काही मिनिटं उरली असताना लीचनं शेवटचा गडी पायचीत केला. आजोबांनी माझा हात धरला आणि लगेच सोडला. चार वर्षांत तेवढंच.

सरे आता फक्त आठ गुणांनी पुढे होती. शिवाय ट्वेंटी-20 ची फायनल्स दोनच दिवसांवर आणि एक दिवसीय स्पर्धेची फायनल पुढच्या आठवड्यात. तिन्ही कप हाताच्या अंतरावर. बाबांनी फोनवर विचारलं, ‘अगं, तिन्ही ठेवायला जागा आहे का त्यांच्याकडे?’

जागेचा प्रश्न आलाच नाही. शनिवारी ट्वेंटी-20 च्या फायनलमध्ये 124 वर सगळे बाद, आणि हरलो ते शेजारच्या ग्लॉस्टरशायरकडून. शेजाऱ्याकडून हरण्यात रुखरुख नसते, नुसता संताप असतो. मग मँचेस्टरला लँकेशायरकडून हार. मग पावसानं सोमवारवर ढकललेली आणि वीस षटकांवर आलेली एक दिवसीय फायनल ग्लॅमॉर्गनकडून 15 धावांनी हरलो. ही चुटपुट, एक चौकार आणि दोन षटकार इतकीच. शेवटी हॅम्पशायरकडूनही हरलो आणि चॅम्पियनशिपमध्ये दुसरेसुद्धा आलो नाही, तिसरे आलो. सरे सलग तिसऱ्यांदा चॅम्पियन. दोन आठवड्यांत सगळा संसार उठला.

मला वाटलं आजोबा कोसळतील. ते म्हणाले, हे काहीच नाही, 2010 बघायला हवं होतंस. त्या वर्षी सॉमरसेट तिन्ही स्पर्धांत दुसरं आलं होतं. ट्वेंटी-20 च्या फायनलमध्ये धावा बरोबरीत, पण आपली एक विकेट जास्त पडलेली, म्हणून हार. चॅम्पियनशिपमध्ये गुणही नॉटिंगहॅमशायरइतकेच, पण त्यांचे विजय जास्त. आणि 2016 ला आपला सामना जिंकून झाल्यावर खेळाडू इथंच टीव्हीसमोर बसून लॉर्ड्सचा सामना बघत होते. मिडलसेक्स आणि यॉर्कशायर यांच्यात कुणीही जिंकलं नसतं तर कप आपला होता. त्या दोघांनी आपसात ठरवून धावांचं आव्हान लावलं आणि रोलंड-जोन्सनं हॅटट्रिक घेऊन मिडलसेक्सला जिंकून दिलं. हे सगळं आजोबा अशा काही तब्येतीत सांगतात, की ऐकणाऱ्याला त्यांचा हेवा वाटावा. पानिपताविषयी बोलताना आपल्याकडचे काही लोक असेच खुलतात.

माझी खरी तक्रार हरण्याबद्दल नाही, कॅलेंडरबद्दल आहे. चॅम्पियनशिपचं चार दिवसांचं क्रिकेट हल्ली एप्रिलच्या गारठ्यात आणि सप्टेंबरच्या ओल्यात ढकललेलं असतं. एप्रिलमध्ये मी दोन स्वेटर, त्यावर कोट आणि त्यावर आईनं दिलेली शाल अशी बसते. ऐन ऑगस्टात, ऊन पडलं की, ‘द हंड्रेड’ नावाची शंभर चेंडूंची स्पर्धा. त्यात टाँटनला संघच नाही. आमच्या वाट्याला आलेला संघ कार्डिफचा, वेल्श फायर. म्हणजे वर्षभर ग्लॅमॉर्गनला शिव्या द्यायच्या आणि ऑगस्टात वेल्सच्या नावानं टाळ्या वाजवायच्या. आजोबा त्या महिन्यात बागेत वाल लावतात.

त्या मोसमाचा हिशेब मला अजूनही लागत नाही. 12 तारखेची संध्याकाळ आली नसती तर पुढचे दोन आठवडे इतके बोचले नसते. तो सामना अनिर्णित राहिला असता तर आजोबा थर्मास भरून घरी गेले असते आणि मीही. आशा नसलेला माणूस शहाणा असतो, पण मैदानात येऊन तो बसेल कशाला?

ऑक्टोबरमध्ये मैदानावर गेले तर कुंपणापलीकडून सेंट जेम्स चर्चचा मनोरा तेवढा दिसत होता. घरी येऊन बाबांना फोन केला. त्यांना ती शेवटची षटकं पुन्हा हवी होती, तिसऱ्यांदा. कोण कुठं उभं होतं, सिली पॉइंटला कोण, शॉर्ट लेगला कोण. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पेपरच्या कडेला बॉलपेननं काढलेलं वर्तुळ, मध्ये फलंदाज आणि भोवती ठिपके.

‘बाबा, तुम्ही आठच काढलेत,’ मी लिहिलं. ‘कीपर आणि लीच सोडून नऊ जण होते.’

‘असू दे गं,’ उत्तर आलं. ‘एक जण चेंडू आणायला नदीत उतरला असेल.’