पोळ्या लाटणारे यंत्र: घ्यावे की नाही?

परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून हल्ली हमखास येणारा प्रश्न म्हणजे रोटीमॅटिक हे फुलके करणारे यंत्र घ्यावे का. प्रणोती नगरकर आणि ऋषी इस्राणी या दांपत्याने सिंगापूरमध्ये 2008 साली हाती घेतलेले हे यंत्र प्रत्यक्ष ग्राहकांच्या ओट्यावर पोहोचायला 2016 उजाडले, आणि अमेरिकेत त्याची किंमत हजार डॉलरच्या घरात होती.

वरच्या डब्यांत पीठ, पाणी आणि तेल भरले की यंत्र एका वेळी एकच गोळा मळते, तो तापलेल्या तव्यांमध्ये दाबून चपटा करते आणि साधारण मिनिटा-दीड मिनिटात फुगलेला फुलका पुढच्या फटीतून बाहेर सरकवते. पिठाच्या जातीनुसार पाण्याचे प्रमाण ते स्वतः ठरवते, ही अभियांत्रिकी मला मनापासून थोर वाटते. मात्र मध्ये तेल लावून, घडी घालून लाटलेल्या पोळीचे पदर त्यातून सुटत नाहीत, कारण घडी घालणे त्याच्या रचनेतच नाही. शिवाय आत चिकटलेले पीठ ब्रशने नियमित झाडावे लागते. (हे काम विक्रेते फारसे बोलून दाखवत नाहीत.)

पोळीवाल्या मावशी मिळतात अशा पुण्या-मुंबईच्या घरात एवढा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु टोरांटो किंवा न्यू जर्सीत दोघेही नोकरी करणाऱ्या, रोज गरम फुलके हवे असणाऱ्या आणि जवळपास दुरुस्तीची सोय असलेल्या कुटुंबाने ते जरूर घ्यावे.