सात्या झाड की जनावर?

ग्रुपवर तीनदा मेसेज आला, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून, शेवटी म्हटलं लिहूनच टाकतो. मी १९८८ च्या दहावीचा, मागच्या बाकावरचा, त्यामुळे शाळेने मला घडवलं वगैरे इतर लोक लिहितीलच. मी आपली सात्यांची गोष्ट सांगतो, म्हणजे पावसाळ्यात वारुळापाशी उगवणाऱ्या, आपण भाजी करून खातो त्या छत्र्यांची.

नववीत होतो. धानाच्या रोवण्याचे दिवस, निम्मे पोट्टे बांधीत (धानाच्या शेतात), वर्ग अर्धा रिकामा. मी येता येता धुऱ्यावरच्या वारुळापाशी निघालेल्या सात्या पळसाच्या पानात बांधून आणल्या, विज्ञानाच्या सरांसाठी (खरं म्हणजे होमवर्क झाला नव्हता). अन सर नेमके त्या दिवशी वर्गीकरण शिकवत होते, लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७३५ मध्ये सगळ्या सजीवांचे दोन गठ्ठे केले, वनस्पती अन प्राणी. मागून कोणीतरी बोंबललं, "सर, मंग ह्या सात्या कशात?"

आम्हाला वाटलं आता छडी. सरांनी पुडी सोडली, एक सात्या उचलली अन नखाने उभी चिरली. पांढरी फटक, खाली मुळासारखा लांब दांडा. "हिरवं दिसते काय कुठं?" नाही सर. "मंग हे सोताचं अन्न कसं बनवते?" सगळे चूप. सर म्हणाले, बनवतच नाही. उधई, म्हणजे वाळवी, वाळका पाला, लाकूड खाऊन वारुळात त्याचे थर लावते, त्याच्यावर ही बुरशी वाढते अन उधई ती खाते, म्हणजे उधई शेतकरीच, फक्त तिला सोसायटीचं कर्ज लागत नाही. पावसात त्याच बुरशीच्या छत्र्या वर निघतात, त्या आपण खातो.

मग फळ्यावर व्हिटाकर नावाचा शास्त्रज्ञ आला, १९६९, पंचसृष्टी, म्हणजे सजीवांचे दोनाऐवजी पाच गठ्ठे. मोनेरा अन प्रोटिस्टा सरांनी दोन मिनिटांत उरकले, बहुतेक डोळ्याला न दिसणारे आहेत म्हणून. पण पुढचं अजून कानात आहे: करून खाते ती वनस्पती, गिळून खाते तो प्राणी अन शोषून खाते ते कवक, म्हणजे बुरशी. कवकांना वेगळी सृष्टी का, तर एवढ्याचसाठी.

वार्षिकाला प्रश्न आला, बुरशी वनस्पती की प्राणी. मी छातीठोक लिहिलं, दोन्ही नाही. पेपर दुसऱ्याच गुरुजींकडे गेला होता, भोपळा मिळाला. सर म्हणाले, जाऊ दे बाप्पा, उत्तर बरोबर आहे. पण मार्क काही वाढले नाहीत, हे आजही बोचते.

आता आजीचं. आजी सात्या घरच्या चुलीवर शिजू देत नव्हती. मागच्या सांदवाडीत (परसात) तीन दगडांवर, मटणाच्या वेगळ्या जर्मनच्या गंजात (ॲल्युमिनियमच्या पातेल्यात), अन श्रावणात तर नावही काढायचं नाही. मी तिला व्हिटाकर समजावून सांगितला तर म्हणे, "मले नको शिकवू, मटनासारखी लागते तं मटनच ते." खूप वर्षं आम्ही हसलो तिला. मुलगी नागपूरला बीएस्सी करते, तिने मागे सांगितलं की बाबा, डीएनए पाहिला तर बुरशी झाडापेक्षा प्राण्यांच्या जवळची निघते, तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, बांधीतल्या खेकड्याच्या कवचात असते तेच. अन पाच सृष्टीही आता जुन्या झाल्या म्हणे, १९९० मध्ये कार्ल वूज वगैरे शास्त्रज्ञांनी तीन डोमेन मांडले, म्हणजे सृष्टीहूनही मोठे गठ्ठे, त्यात झाड, आपण अन सात्या एकाच घरात, बाकीचे दोन्ही नुसत्या सूक्ष्मजीवांचे.

मागच्या जुलैत गावी गेलो तेव्हा पावशेर सात्या मिळाल्या, त्या घेऊन सरांकडे गेलो. ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येते. डीएनएचं सगळं दोनदा ओरडून सांगितलं. पुडी उघडून बराच वेळ पाहत राहिले अन आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलं काय, बाहेरचा गंज काढा."

काकूंनी तो आधीच काढून ठेवला होता.