ड्रॉवरमधले चार फोन आणि गोरिला

काल चार्जर शोधायला ड्रॉवर उपसला, चार्जर काही मिळाला नाही पण जुने फोन चार निघाले. एकाची स्क्रीन फुटलेली, एक बटनांचा, एकाची बॅटरी फुगून मागचं झाकणच वर आलेलं (असला फोन घरात असेल तर चार्जिंगला लावू नका आणि दाबूनही बघू नका, पेट घेऊ शकतो), आणि चौथा चक्क चालू झाला! मग हा बदलला कशाला होता ते मलाच आठवेना.

मेलबर्नचं प्राणिसंग्रहालय गोरिलांसाठी म्हणून जुने फोन गोळा करायचं. फोनचा आणि गोरिलाचा काय संबंध? तर फोनमध्ये तांदळाच्या दाण्याहून बारीक कपॅसिटर (थोडीशी वीज साठवणारे भाग) असतात, त्यातल्या काहींना टँटलम धातू लागतो, आणि तो मिळतो कोल्टन नावाच्या काळपट खनिजातून. हे कोल्टन पूर्व काँगोत सापडतं आणि ग्राउअर गोरिला अख्ख्या जगात फक्त तिथेच राहतो, झालं ना मग. २००० साली कोल्टनचे भाव भडकले आणि हजारो माणसं फावडी घेऊन तिथल्याच काहुझी-बिएगा नॅशनल पार्कात घुसली, झाडं तोडली, ओढ्यांमध्ये माती धूत बसली, आणि एवढी माणसं जंगलात खाणार काय, तर शिकार. त्यात तिकडे युद्ध चालू, त्यामुळे सगळं पाप फोनच्याच माथी मारता येणार नाही. पण गोरिलाच्या मादीला चार-पाच वर्षांनी एक पिल्लू होतं, एक गेला की भरून कधी निघायचं?

मला वाटायचं फोन रीसायकलिंगला दिला की टँटलम परत मिळतं, विषय संपला. तसं नाहीये. सोनं, चांदी, तांबं, पॅलॅडियम काढतात, टँटलम मात्र भट्टीत बहुतेक मळीबरोबरच (धातू वितळवताना उरतो त्या गाळाबरोबर) वाया जातं. म्हणजे चालू फोन तोडायला देणं हा वेडेपणाच, तो कुणीतरी वापरला तर एक नवा फोन कमी बनेल.

म्हणून चौथा फोन रीसेट मारून मावशीला दिला, ती खूश. फुटका आणि फुगलेला ई-कचरा सेंटरला, फुगलेला वेगळा ठेवून आणि तसं सांगून. सिम आणि मेमरी कार्ड आधी काढली, एकात दोन वर्षांचे फोटो निघाले!

बटनांचा अजून ड्रॉवरमध्येच आहे. त्यात जुने मेसेज आहेत, ते उतरवून घेतले की तोही जाईल. पण त्याचाच तर चार्जर सापडत नाहीये.