फोंड्यात मराठी चालतं, पण...

सोलापूर सोडून गोव्यात राहायला आलेल्या माणसाला गावाकडचे दोन प्रश्न हमखास विचारतात. समुद्र घरापासून किती लांब, आणि भाषेचं काय? पहिल्याचं उत्तर ऐकून त्यांचा विरस होतो, कारण मी राहते फोंड्यात, आणि इथून किनारा गाठायचा तर तासभर मोडतो. दुसऱ्याचं उत्तर ऐकून मात्र सगळे निर्धास्त होतात. भाषेचा प्रश्नच नाही. सकाळी दारात मराठी पेपर पडतो. बाजारात, बँकेत, डॉक्टरकडे मराठीत बोललं तर मराठीतच उत्तर येतं. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी माध्यमाच्या. १९८७च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली खरी, पण सरकारी कामात मराठी वापरायची सोय त्याच कायद्यात आहे.

गोम इथेच आहे. माझी बहीण लग्न होऊन चेन्नईला गेली. तिला एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे शेजारणी तिला हाताला धरून शिकवायच्या. दारातला कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, कधी काढायचा, पाहुण्याला आधी काय द्यायचं, कुणाच्या घरी चप्पल कुठे काढायची, सगळं. वर्षभरात ती तिथली झाली. फोंड्यात मला कुणी काही शिकवलं नाही. हिला तर सगळं कळतं, हिला काय सांगायचं, असं इथल्यांना वाटतं. आणि शब्द कळले की माणसं कळली, असं आपण धरून चालतो.

‘परदेशातील अनुभव’ या नावाखाली गोव्याबद्दल लिहायला घेतलं म्हणून कुणी हसेल. हसा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हा परदेशच होता, आणि त्याची सही-शिक्क्यासह निशाणी मी रोज ऑफिसात बघते. त्याबद्दल पुढे.

आधी गणपती. इथे त्याला चवथ म्हणतात. आपल्याकडे गणपती म्हणजे मंडळ, वर्गणी, मिरवणूक. इथेही सार्वजनिक गणपती आहेत, पण खरी चवथ मूळ घरातली. पणजीत फ्लॅट असो, वास्कोत नोकरी असो, माणूस चवथीला आपल्या गावच्या घरी जाणार म्हणजे जाणार. एरवी कुलूप असलेलं घर त्या दोन दिवसांत तीस-चाळीस माणसांनी भरतं. सगळ्या चुलत भावंडांचा मिळून गणपती एकच. शहरात मागे उरतो तो आमच्यासारखा भाडेकरू. हे ठाऊक नसेल तर पहिली चवथ फार एकटी जाते.

दुसऱ्या चवथीला शेजारच्या काकींनी आम्हाला त्यांच्या गावच्या घरी नेलं, बेतकीच्या बाजूला. मूर्तीच्या वर छताला लाकडी चौकट टांगलेली होती, ती माटोळी. तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगं, आंबाडे, आणि जी मी जन्मात पाहिली नव्हती अशी रानफळं बांधलेली : कांगलां, घागऱ्यो, कवंडळां. एकेक फळ कुठल्या डोंगरावरून आणलं हे घरातली दहा वर्षांची पोरं सांगत होती. माटोळीच्या स्पर्धा होतात, त्याही सरकारच्या कला आणि संस्कृती खात्याच्या. आम्ही डेकोरेशनला थर्माकोलची गुहा करायचो ते आठवून मी गप्प बसले.

मग आरती सुरू झाली. शब्द आपलेच. नेहमीची गणपतीची आरती, मराठीतली, लहानपणापासून पाठ असलेली. मी जोरात सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला एकटी पडले. सगळे अजून पहिल्याच ओळीवर होते. घुमट वाजत होतं. घुमट म्हणजे मातीचा घट, एका मोठ्या तोंडाला कातडं ताणून बसवलेलं, दुसरं लहान तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर थाप, आणि डावा पंजा त्या उघड्या तोंडावर झाकत-उघडत आवाज खोल करायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, ती मारायला बंदी आल्यावर आता बकऱ्याचं. जोडीला काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि कांसाळं, म्हणजे झांजा. एकेक ओळ तीन-चार वेळा, मधे नुसतंच वादन, मग चढत्या लयीत पुढची ओळ. आपली पाच मिनिटांत उरकणारी आरती इथे अर्धा तास सहज घेते, आणि एका घरात असं पाच-सहा आरत्यांचं होतं. टाळ्या वाजवायच्या तर हात कुठे पडावा ते कळेना. काकींचा पुतण्या माझ्याकडे बघून हसला आणि त्याने बोटांनी मांडीवर ठेका धरून दाखवला. इथे आल्यापासून कुणीतरी मला काही शिकवल्याची ती पहिली वेळ.

तो पुतण्या इलेक्ट्रिशियन आहे. एरवी त्याच्या तोंडून मराठी वाक्य निघणं मुश्कील. घरी कोंकणी, मित्रांत कोंकणी, माझ्याशी बोलताना ‘जाता मगो वयनी’ (होतं हो वहिनी) म्हणून पंखा दोन दिवसांनी दुरुस्त करणार. पण त्याच्या गावच्या जत्रेत मध्यरात्रीनंतर नाटकाचा पडदा वर गेला तेव्हा हाच पठ्ठ्या जिरेटोप घालून उभा होता, आणि दोन-दोन पानी स्वगतं अशा खणखणीत मराठीत म्हणत होता की आमच्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातल्या नटांनी कान द्यावा. पहाट होईतो नाटक चाललं. प्रेक्षागृह म्हणजे देवळापुढचं पटांगण, खुर्च्या भाड्याच्या, बाजूला चण्यांचा आणि खाज्याचा फड. समोर बसलेल्या आज्या कोंकणीत एकमेकींना सांगत होत्या की आता राजा कसा फसणार आहे.

गोव्यात गावोगाव हे चालतं. कला अकादमी मराठी नाट्यस्पर्धा घेते आणि तिच्यात गावांतली मंडळं हिरिरीने उतरतात. याच तालुक्याने मंगेशीचे मास्टर दीनानाथ आणि पंडित जितेंद्र अभिषेकी दिले. गायिका केसरबाई केरकर याच तालुक्यातल्या केरी गावच्या. मराठी इथे रंगमंचाची, कीर्तनाची, देवळातल्या फलकाची, अग्रलेखाची भाषा आहे. स्वयंपाकघरात मात्र ती नाही. भांडण, लाड, मासळीचा भाव, बाळाला झोपवणं हे सगळं कोंकणीत. त्यामुळे आपलं ‘काय रे, कुठं चाललायस’ वगैरे सोलापुरी मराठी ऐकून इथले लोक जरा बावचळतात, असं माझं मत झालं आहे. सणासुदीला घालायचं रेशमी लुगडं कुणी रोज भांडी घासताना नेसावं, तसं त्यांना वाटत असणार. मला उत्तर मिळतं ते छापील मराठीत : ‘आपण भोजन केलंत का?’ सुरुवातीला मला तो अगत्याचा कळस वाटायचा. आता कळतं, पाहुण्याला दिवाणखान्यात बसवतात तो प्रकार आहे तो.

देवळांचंही तसंच. मंगेशी, शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा ही सगळी फोंड्याची देवळं म्हणून आपण सहलीला बघतो. पण हे देव मूळचे इथले नाहीत. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी मूर्ती नदीपलीकडे, पोर्तुगीज राज्याबाहेरच्या या भागात आणल्या. फोंडा त्यांच्या ताब्यात जायला अठरावं शतक उजाडलं. त्यामुळे देऊळ ही इथे घराण्यांनी जपून आणलेली ठेव आहे. देवळाचे महाजन, म्हणजे पिढीजात हक्कदार, ठरलेले, त्यांची कुळं ठरलेली, पालखीचे मान ठरलेले. आपण दर्शन घ्यावं, नैवेद्य द्यावा, कुणी अडवत नाही. पण ‘ट्रस्टवर निवडून यायचं कसं’ असं माझ्या नवऱ्याने भोळेपणाने विचारलं तेव्हा समोरचे गृहस्थ इतके सौम्य हसले की पुढे विचारायची सोय राहिली नाही.

जेवणाचं थोडक्यात सांगते. आम्ही लिंगायत, म्हणजे शाकाहारी. इथे त्याला शिवराक म्हणतात, आणि माणूस कायमचा शिवराक असतो हे पटवायला वेळ लागतो. इथल्या हिंदू घरांत सोमवारी शिवराक, श्रावणात शिवराक, बाकी दिवशी नुस्तें, म्हणजे मासळी, आणि यात देवाधर्माला कुठेही बाधा येत नाही. सारस्वत ब्राह्मण मासे खातात हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पूजा सांगून आलेले भटजी बाजारात बांगड्याचे कल्ले उचलून ताजेपणा तपासताना दिसले तेव्हा गाडी बाजूला घ्यावी लागली. जून-जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्या दिवसांत ऑफिसातलं वातावरण सुतकी असतं. माझी मात्र आळसांद्याच्या (चवळीच्या जातीचं कडधान्य) तोंडाकावर, म्हणजे रसभाजीवर, आणि मिश्र भाज्यांच्या खतखत्यावर चंगळ आहे. ज्वारीची भाकरी सोडून कशाचीच उणीव नाही, आणि शेंगाचटणीचा डबा घरून आला की सहकारीच तो आधी फस्त करतात.

दुपारी एक ते चार बाजार बंद. पुण्यावर विनोद करणाऱ्यांनी एकदा फोंड्याला यावं.

आता ती सही-शिक्क्याची गोष्ट. मी एका हिशेबतपासनिसांच्या ऑफिसात काम करते. जुलै म्हणजे रिटर्न भरायचा मोसम. माझ्या पहिल्या मोसमात एक सत्तरीचे दुकानदार आले, बरोबर बायको. मी खुर्ची एकच पुढे केली. त्या बाईंनी शांतपणे दुसरी ओढून घेतली, पदर सावरला, चष्मा लावला आणि गाळ्याच्या भाड्याच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, ‘म्हजें नांव खंय?’ (माझं नाव कुठे?) गाळा नवऱ्याच्या नावावर, भाडं त्याच्या खात्यात. तरी निम्मं भाडं बायकोचं. पोर्तुगालचा १८६७चा नागरी कायदा १८७०पासून गोव्यात लागू आहे, मुक्तीनंतरही तो राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक. म्हणून आयकर कायद्यात गोव्यातल्या अशा जोडप्यांसाठी खास तरतूद आहे : पगार ज्याचा त्याचा, पण भाडं, व्याज, धंद्याचा नफा दोघांत निम्मा-निम्मा. जमीन विकायची तर बायकोची सही हवीच. आणि पोरावर रागावून सगळी इस्टेट दुसऱ्याला लिहून देता येत नाही, निम्म्या इस्टेटीवर मुलांचा आणि इतर हक्काच्या वारसांचा दावा राहतो, मुलगा आणि मुलगी सारखेच.

त्या बाई अशिक्षित म्हणाव्यात इतपतच शिकलेल्या होत्या. पण हक्काचा सूर असा की मला माझ्या आजीची आठवण झाली, जिने सात-बारा जन्मात हातात धरला नाही. गोव्यातल्या बायकांचं सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. सासुरवास, हुंडा, सोवळं-ओवळं इथेही आहे. पण कागदापुढे बसताना त्या खुर्ची ओढून घेतात, हे मी रोज बघते. लग्नाचंही तसंच, मांडवाआधी निबंधकांकडे दोनदा जाऊन सह्या कराव्या लागतात. ‘पहिली सही झाली’ म्हणून पेढे आले तर साखरपुडा समजू नका.

एक मात्र गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच सांगते. ‘गोवा म्हणजे काय, महाराष्ट्रच की’ हे वाक्य घरात ठेवून बाहेर पडायचं. कौतुकाने म्हटलं तरी. १६ जानेवारी १९६७ला इथे जनमत कौल झाला, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलिनीकरणाच्या बाजूचे, गावोगाव मराठी शाळा काढणारे, अफाट लोकप्रिय. तरी ३४,०२१ मतांनी वेगळं राहायचं ठरलं. पुढे राजभाषेवरून पेटलेल्या १९८६च्या भाषा आंदोलनात माणसं गेली. आजही एकाच घरात थोरला भाऊ मराठीवादी आणि धाकटा कोंकणीवादी असं मी पाहिलं आहे. दोघं जेवायला एका पंगतीला बसतात आणि तेवढा विषय टाळतात. तो विषय त्यांच्या घरचा आहे. आपण ‘अहो, पण कोंकणी ही मराठीचीच बोली ना’ म्हणत मधे पडायचं काही कारण नाही. साहित्य अकादमीने १९७५मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा मानून तो प्रश्न आपल्यापुरता मिटवला आहे. माझ्या सख्ख्या मामांनी काकींच्या घरी चहा पिताना हेच वाक्य टाकलं होतं. काकींनी काही न बोलता त्यांना आणखी एक नेवरी, म्हणजे करंजी, वाढली. दुसऱ्या दिवशी मला ‘तुझे मामा घांटयेरचे मू?’ एवढंच विचारलं. घाटावरचे म्हणजे आपण सगळे, सोलापूर असो की बेळगाव, त्यात फरक नाही.

तर आता पुढच्या सुट्टीत येतो म्हणणाऱ्यांसाठी. चवथीला येऊ नका, आम्ही काकींच्या गावी असू आणि शहरात चहा मिळायची मारामार. शिगम्याला, म्हणजे इथल्या शिमग्याला, या. रोमटामेळाची मिरवणूक बघायला मिळेल, ढोल-ताशांबरोबर ‘घुमचे कटर घुम’ ओरडायला भाषा लागत नाही. किंवा दिवाळीला या, पण नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळीच पोचा. रात्रभर रस्त्यारस्त्यावर नरकासुराचे पुतळे उभे असतात आणि पहाटे जाळतात. सकाळी फराळाला चकली-चिवडा शोधू नका, त्या दिवशी पोहे, तेही पाच-सहा प्रकारचे. येताना ज्वारीचं पीठ आणा. दोन किलो तरी. एक किलो आता काकींना लागतं.