जिन्यावर अडलेला फ्रेंच भूतकाळ

देल्फ ए-२ ही फ्रेंचची परीक्षा पास होऊन काही महिने झाले, तरी एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही. आमच्या क्लासमध्ये वाटलेल्या पहिल्याच कागदावर ते होतं: ‘हालचालीची क्रियापदं एत्र घेतात, बाकीची आव्वार.’ एत्र म्हणजे ‘असणे’, आव्वार म्हणजे ‘जवळ असणे’; भूतकाळ करताना मुख्य क्रियापदाआधी यांपैकी एक सहायक म्हणून लागतं.

पासे काँपोझेची, म्हणजे या भूतकाळाची, रूपं आठवडाभरात पाठ झाली. ‘झे मांझे’, मी खाल्लं: आव्वार. ‘झ स्वी आले’, मी गेले: एत्र. पण कुरीर म्हणजे धावणे आणि मार्शे म्हणजे चालणे, ही दोन्ही आव्वार घेतात. रेस्ते म्हणजे आहे तिथेच राहणे, त्याला मात्र एत्र! विचारलं तर उत्तर मिळालं, ‘अपवाद आहेत, पाठ करा.’ केले.

घोडं खरं अडलं ते देसांद्रवर, म्हणजे उतरणे. निबंधात मी लिहिलं, ‘मी जिना उतरले’, एत्र लावून. लाल रेघ. पुढच्या निबंधात ‘मी बॅग खाली आणली’, पुन्हा एत्र, पुन्हा लाल रेघ. त्याच पानावरचं ‘मी खाली उतरले’ मात्र एत्रनंच बरोबर. क्रियापद एकच, मग असं का, हे कुणीही सांगेना. तीन आठवडे मी त्या एका शब्दापाशी बसून होते.

शेवटी घरी वहीत मराठी वाक्यं एकाखाली एक लिहिली. मी उतरले. मी बॅग उतरवली. मराठीत इथे क्रियापदच बदलतं: उतरणे-उतरवणे, चढणे-चढवणे, निघणे-काढणे. फ्रेंचमध्ये दोन्हीकडे देसांद्रच, म्हणून फरक दाखवायचं काम सहायक क्रियापदावर येतं. कर्म आलं की आव्वार, नसलं की एत्र. मग जिना? ‘मी जिना उतरले’ यात मराठी क्रियापद माझ्याप्रमाणे चालतं, जिन्याप्रमाणे नाही. म्हणून ते कर्म आहे हे आपल्या कानाला जाणवतच नाही. फ्रेंचच्या लेखी ते कर्मच. मोंते (चढणे), सोर्तीर (बाहेर जाणे), रांत्रे (परत आत येणे), पासे (जवळून जाणे), रतूर्ने (परत जाणे) यांनाही हेच लागू. तेव्हा सहायक निवडण्याआधी ‘काय?’ विचारा. काय उतरले? जिना. आव्वार.

हे दोन ओळींत सांगता आलं असतं, आणि पहिल्याच दिवशी.

हो, एक राहिलं. एत्र असेल तर बाईनं लिहिताना धातुसाधिताला, म्हणजे सहायकानंतरच्या मुख्य क्रियापदाच्या रूपाला, शेवटी एक जादा अक्षर लागतं, आपल्या ‘गेलो-गेले’सारखं. उच्चारात बहुतेक वेळा ते ऐकू येत नाही, म्हणून हमखास सुटतं. लिहून झाल्यावर फक्त त्यासाठी एकदा वाचा. आणि उठणे, आंघोळ करणे अशी जी क्रियापदं फ्रेंचमध्ये ‘स्वतःला’ लावून येतात, ती सगळी एत्रचीच.

ए-२च्या लेखी भागात स्वतःचा अनुभव लिहायला सांगतात, त्यामुळे भूतकाळ टाळता येत नाही. मला विषय आला सहलीचा. मी त्यात जिन्याचं वाक्य मुद्दाम घातलं, आव्वार लावून.